रेडिओचं टोक कुणीकडे करायचं?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जिंतूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहात. मिडियम वेव्हवर लांबची स्टेशनं धुंडाळायचा नाद वर्षभरापासून लागलाय. १५२१ किलोहर्ट्झवर, म्हणजे छत्रपती संभाजीनगर आकाशवाणीच्या जागेवर, रात्री अरबी चढतं. ते दाबून आपलं केंद्र ऐकावं म्हणून तुम्ही स्लॅबवर शंभर फूट तार पूर्व-पश्चिम बांधली आणि तिचं टोक रेडिओभोवती गुंडाळलं. आवाज वाढला, पण अरबीचाच. मग तार दक्षिण-उत्तर केली, तरी तेच. आता विचारता की तार नेमकी कोणत्या दिशेला बांधू आणि आणखी शंभर फूट जोडू का. सुट्टीत बीडला सासुरवाडीला जाता तेव्हा तिथे मात्र १५२१ वर कधीकधी दोन्ही आवाज वेगळे झाल्यासारखे वाटतात, असंही ओघात लिहिलंत. ते वाक्य महत्त्वाचं आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी ती तार सोडा. तुमच्या आड तीच येतेय.

मी परभणी जिल्ह्यात तीस-पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. माझ्या अनुभवात अँटेनाच्या दिशेबद्दलचा सगळा गोंधळ टीव्हीने घातला. अंबाजोगाईच्या टॉवरकडे अँटेना रोखायचा, माळवदावर एक जण उभा, खाली एक जण टीव्हीसमोर, आणि मध्ये 'आलं का? आलं का?' हा संवाद. तेव्हापासून डोक्यात बसलं की अँटेनाचं टोक स्टेशनाकडे केलं की स्टेशन येतं. मिडियम वेव्हच्या रेडिओत हे बरोबर उलटं आहे. टोक ज्याच्याकडे केलं, तो गप्प बसतो.

रेडिओ उघडून बघा. आत काळपट रंगाची, पेन्सिलीपेक्षा जाड अशी एक कांडी असते आणि तिच्यावर बारीक तारेची कॉइल गुंडाळलेली असते. तो फेराइट रॉड. बहुतेक ट्रान्झिस्टर सेटांत तो रेडिओच्या लांबीत आडवा बसवलेला असतो. मिडियम वेव्हसाठी तुमचा अँटेना हाच. वर ओढायची चकचकीत दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. ती कितीही ओढली, वाकवली तरी मिडियम वेव्हला फरक पडत नाही. दांडी मोडली म्हणून मिडियम वेव्ह लागत नाही, अशी तक्रार घेऊन किती लोक माझ्याकडे आले असतील! दांडी बदलून द्यायचो आणि आत निखळलेली रॉडची तार गुपचूप डाग द्यायचो.

हा रॉड लहरीचा फक्त चुंबकीय भाग पकडतो. जमिनीलगत येणाऱ्या मिडियम वेव्हचं चुंबकीय क्षेत्र आडवं असतं आणि लहर ज्या दिशेने चाललीय त्या दिशेला काटकोनात असतं. स्टेशन पश्चिमेला असेल तर ते क्षेत्र दक्षिणोत्तर. ते कॉइलच्या आरपार जायला हवं, तर कॉइलही दक्षिणोत्तर हवी. म्हणजे मुंबई ऐकायची तर रेडिओचं तोंड किंवा पाठ मुंबईकडे आणि दोन्ही टोकं दक्षिण-उत्तर. मी दुकानात शिकाऊ पोरांना एकच सूत्र सांगायचो: कॉइलचं भोक ज्या दिशेला, त्या दिशेचं स्टेशन मेलं. हे सूत्र रॉडलाही लागू आणि लाकडी चौकटीवर गुंडाळलेल्या मोठ्या लूपलाही लागू. त्यामुळे वेगवेगळे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता या मेलेल्या दिशेचं, मी तिला मुकी बाजू म्हणतो, महत्त्व बघा. रेडिओ चांगल्या दिशेपासून तीस अंश फिरवला तर सिग्नल जेमतेम तेरा टक्के कमी होतो. कानाला ते कळत नाही, कारण सेटातली एव्हीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय, आवाज लगेच सावरून घेते. साठ अंश फिरवला तेव्हा कुठे निम्मा. पण मुक्या बाजूपाशी सगळं झपाट्याने घडतं. अगदी शेवटच्या पाच अंशांत सिग्नल अकराव्या हिश्श्यावर येतो, आणि नेमकी रेषा साधली तर गडप. म्हणून जास्तीत जास्त आवाज कुठे येतो ते शोधत बसण्यात अर्थ नाही, तो पसरट असतो. जो नको आहे त्याला आधी मुका करायचा, मग खाली कोण बोलतंय ते ऐकायचं. अनुभवी माणूस रात्री रेडिओ फिरवताना दिसला तर समजा, तो कुणालातरी गप्प करतोय.

आणि इथेच तुमच्या तारेचा घोळ आहे. १५२१ किलोहर्ट्झची लहर सुमारे १९७ मीटर लांब. तुमची तार तीस मीटर. लांबीच्या मानाने एवढ्या तोकड्या तारेला दिशेचं ज्ञान नसतं. ती चारही बाजूंनी सारखंच गोळा करते, आणि त्यातही छतावरून खाली येणारा उभा तुकडाच जास्त काम करतो. तार पूर्व-पश्चिम बांधा नाहीतर घराभोवती गुंडाळा, तिला काही देणंघेणं नाही. बरं, ती तुम्ही रेडिओभोवती गुंडाळलीत. म्हणजे रॉडने ज्या अरबीवाल्याला मुकं केलं, त्यालाच तारेने मागच्या दाराने आत आणलं. तार काढा, रेडिओ हातात घ्या, घराबाहेर पडा. घराबाहेर हे मुद्दाम सांगतो. स्लॅबमधल्या सळया, भिंतीतलं वायरिंग, पत्रे हे सगळे लहर वाकवतात, आणि मुकी बाजू भलतीकडेच दिसते. जुन्या लाकडी-मातीच्या माळवदाखाली रेडिओ छान चालायचा आणि स्लॅबच्या घरात आल्यावर 'सेट बिघडला' म्हणून लोक घेऊन यायचे. सेटाला काही झालेलं नसायचं.

सराव दिवसा करा. दिवसा येणारं कोणतंही जवळचं केंद्र घ्या. परभणीचं १३०५ लागत असेल तर उत्तम, ते तुमच्या गावाहून जवळपास दक्षिणेला पडतं. गोल पोळपाट स्टुलावर ठेवा आणि त्यावर रेडिओ. हळूहळू फिरवत आवाज पार बसतो ती जागा खडूने खुणा. मोबाइलच्या होकायंत्राने त्या रेषेची दिशा मोजा. फक्त मोजताना मोबाइल रेडिओपासून हातभर लांब धरा, स्पीकरचं लोहचुंबक काटा भरकटवतं. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाच फरक, तो सोडून द्या. दहा-वीस वेळा केलंत की हात बसेल. आमच्या घरी तो पोळपाट शेवटी माझाच झाला. स्वयंपाकघरात दुसरा आला, आणि तो कसा आला ते विचारू नका.

दिशा कागदावर कशी काढायची? मोठा नकाशा घेऊन पट्टी लावली तरी देशातल्या स्टेशनांना पुरतं. तुमच्या गावाहून मुंबई जवळपास नीट पश्चिमेला, दिल्ली नीट उत्तरेला, नागपूर ईशान्येला, हैदराबाद आग्नेयेला. ही हैदराबादची दिशा आपल्याकडच्या जुन्या माणसांना वेगळ्या कारणाने लक्षात होती. निजामाने १७ सप्टेंबर १९४८ ला शरणागती जाहीर केली ती हैदराबादच्या रेडिओवरूनच. इंदूर वायव्येपेक्षा उत्तरेकडे जास्त झुकलेलं, पुणे पश्चिमेला पण दक्षिणेकडे थोडं कललेलं. श्रीलंकेतलं पुट्टलम दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. तिथून ट्रान्स वर्ल्ड रेडिओचा ४०० किलोवॅटचा ट्रान्समीटर ८८२ वर येतो. कोलकात्याजवळचं चिनसुरा आणि त्यापलीकडचं ढाका साधारण एकाच रेषेत, पूर्वेकडे पण थोडं उत्तरेला. दूरच्या देशांसाठी मात्र सपाट नकाशा फसवतो. पृथ्वी गोल आहे आणि लहर गोलावरचा जवळचा रस्ता धरते. सौदीचा उत्तर-पश्चिम किनारा सपाट नकाशावर दिसतो त्याहून आणखी थोडा उत्तरेकडे धरावा लागतो. शाळेत पृथ्वीगोल असेलच, त्यावर दोरा ताणून बघा. सहावी-सातवीच्या पोरांनाही मजा येईल.

एक अडचण आधीच सांगतो. रॉडला पुढे-मागे कळत नाही. पूर्वेचा नि पश्चिमेचा त्याला एकच. त्यामुळे दोन स्टेशनं तुमच्या दोन बाजूंना असूनही एकाच रेषेत असतील, तर एकाला मुकं केलं की दुसरंही मुकं. आणि दोन्ही एकाच बाजूला एकामागे एक असतील तर विचारायलाच नको. राजकोट आणि कराची हे त्याचं नेहमीचं उदाहरण. परभणी-जिंतूरकडून दोघांच्या दिशांत तीन-चार अंशांचा फरक. राजकोटचं ३०० किलोवॅटचं ८१० लागलं की स्वस्त सेटावर त्याचा पसारा कराचीच्या ८२८ पर्यंत जातो, आणि कितीही फिरवा, दोघं बरोबरच येतात आणि बरोबरच जातात. तिथे दिशा हरली. तिथे लागतो चांगल्या फिल्टरचा सेट.

उलट जिथे दिशा जिंकते ते उदाहरणही घ्या. आपल्याकडे स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात. ७९२ वर पुणे, ८०१ वर जबलपूर, ८१० वर राजकोट, असं जबलपूर दोघांच्या मध्ये चेपलेलं. पुणे १०० किलोवॅट आणि आपल्याला सव्वातीनशे किलोमीटरच्या आत, त्यामुळे तेच जास्त त्रास देतं. रेडिओचं टोक पुण्याकडे करा. पुणे दहापटीहून जास्त खाली जातं. जबलपूरची रेषा पुण्याच्या रेषेपासून तुमच्याकडून तीसेक अंश वेगळी, म्हणून त्याचंही निम्मं जातं, पण उरलेलं निम्मं स्वच्छ ऐकू येतं. निम्मं घालवून ऐकू येतं आणि पूर्ण ठेवून येत नाही, हे पहिल्यांदा अनुभवाल तेव्हा मुक्या बाजूचं म्हणणं पटेल.

रात्री मात्र पुण्यासारखं जवळचं स्टेशन दिवसाइतकं छान मुकं होत नाही. दिवसा लहर जमिनीवरून येते. दिवसा या लहरी गिळणारा आकाशातला डी थर रात्री विरतो, आणि वरच्या थरांवर आपटून लहर खाली येते. तीनशे किलोमीटरवरचं स्टेशन असेल तर ती तिरपी, बऱ्याच उंचावरून उतरते आणि वाटेत तिची ठेवणही बदलते. म्हणून आडवा रॉड तिला पूर्ण मुकं करू शकत नाही. अशा वेळी स्टेशनाकडचं टोक वर उचला. थोडं उचला, ऐका, अजून उचला. लहर आकाशातून जिथून उतरतेय तिथे रॉड रोखायचा, गावाकडे रोखून भागत नाही. हजार-दोन हजार किलोमीटरवरची स्टेशनं क्षितिजाला लागून येतात, त्यांना ही कसरत सहसा लागत नाही. जमिनीवरची आणि आकाशातली लहर दोन्ही सारख्या ताकदीने येतात त्या पट्ट्यात तर आवाज पिळवटतो, गाणं विहिरीतून आल्यासारखं होतं. त्यावर मार्ग शोधू नका, पाच मिनिटं थांबा.

आता वेळ आणि दिशा यांची सांगड. नवखा माणूस रात्री दहा वाजता रेडिओ घेतो आणि सगळीकडून सगळं येत असल्याने गोंधळतो. संध्याकाळ पूर्वेकडून येते. आपल्याकडे दिवे लागायच्या वेळी बंगालमध्ये केव्हाचा अंधार पडलेला असतो, आणि अरबस्तानात अजून ऊन असतं. तेव्हा दिवस मावळताना पूर्व ऐकायची: चिनसुराचं ५९४, ढाक्याचं ६९३. हे दोन्ही १००० किलोवॅटचे धनी, थंडीत दिवस पुरता बुडायच्या आधीच डोकं वर काढतात. आठनंतर पश्चिम उघडते. पहाटे हाच हिशेब उलटा. पूर्वेची स्टेशनं उजेडात एकेक विरतात, पश्चिमेची मागे राहतात. पहाटे पाच ते सहाची वेळ मला सगळ्यात आवडते. गावातले दिवे-मोटारी शांत असतात, आणि पूर्वेची गर्दी ओसरलेली असते. दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. वळवाचे ढग जमायला लागले की शेकडो किलोमीटरवरच्या विजाही रेडिओत कडकडतात.

दिशेचा आणखी एक उपयोग आहे, चोर पकडण्याचा. १९८८ च्या मे महिन्यात आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल नागपूरहून १५६६ वर सुरू झालं, १००० किलोवॅटवर, रात्रभर. तेव्हा माझ्या एका स्वस्तातल्या सेटावर कोलकात्याच्या ६५७ ला चिकटून शिट्टीसकट हिंदी यायला लागलं. मी आठवडाभर खूश, कोणतंतरी नवं स्टेशन सापडलं म्हणून. मग रेडिओ फिरवला. शिट्टी आणि हिंदी दोन्ही ईशान्येकडे टोक केल्यावर जात होते, नागपूरच्या रेषेत; कोलकाता त्याहून वीसेक अंश पूर्वेकडे आहे. डोक्यात प्रकाश पडला. सेटाची आयएफ, म्हणजे येणारं प्रत्येक स्टेशन सेट आतल्या आत ज्या एका ठरावीक किलोहर्ट्झवर उतरवतो ती, ४५५. तिची दुप्पट ९१०; काटा जिथे आहे तिथून बरोबर तेवढं वर असलेलं जोरदार स्टेशनही स्वस्त सेटात घुसतं. १५६६ मधून ९१० वजा केले की ६५६. तो नागपूरचाच भुताटकीचा आवाज होता, सेटाने स्वतः तयार केलेला. ते चॅनेल २०१९ उजाडताना बंद झालं आणि माझं ते भूतही गेलं. तुमच्याकडे कुठलंही 'नवं' स्टेशन आलं की आधी हा हिशेब करा, आणि टोक फिरवून दिशा तपासा. निवेदकाची भाषा कळली नाही तरी दिशा खोटं बोलत नाही, घराबाहेर असाल तर.

तुम्ही मोठ्या अँटेनाचं विचारलंत, तर शंभर फूट तारेच्या जागी लूप करा. दोन लाकडी पट्ट्या, प्रत्येकी ८५ सेंटिमीटर, फुलीसारख्या जोडा. त्यांच्या चार टोकांवरून साठ सेंटिमीटर बाजूचा चौकोन होईल असे अकरा वेढे, दोन वेढ्यांत साधारण पाऊण बोट अंतर. सत्तावीस मीटर साधी प्लास्टिकची वायर पुरते. वायरची दोन टोकं जुन्या व्हॉल्व्ह सेटातल्या गँगच्या, म्हणजे स्टेशन बदलायच्या पानांच्या कंडेन्सरच्या, एका भागाला जोडा; त्याची क्षमता जास्तीत जास्त पाचशे पिकोफॅरडच्या आसपास हवी. झालं. रेडिओला वायर जोडायची नाही. रेडिओ लूपच्या शेजारी ठेवायचा, रॉड लूपच्या भोकाच्या दिशेने धरून, आणि गँग फिरवायचा. स्टेशनाशी जुळला की आवाज एकदम उसळतो. पहिल्यांदा दचकायला होतं. मग दोघांना एकत्रच फिरवायचं. लूपची कड स्टेशनाकडे तर आवाज, भोक स्टेशनाकडे तर मौन. सूत्र तेच. खालच्या टोकाला, ५३१ च्या जवळ, पोचत नसेल तर एक वेढा वाढवा. वर १६०२ कडे पोचत नसेल तर एक काढा. जुना गँग भंगारात अजून सापडतो. मात्र त्याची पानं एकमेकांना घासत नाहीत ना ते उजेडात धरून बघा.

आणि खरंच तारच बांधायची असेल, तर मग ती तार म्हणावी एवढी बांधा. शंभर फूट वाढवून काही होत नाही. तीनशे मीटरच्या पुढे गेलात तर तारेला दिशा येते. अमेरिकेतल्या हॅरोल्ड बेव्हरेज यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात हा अँटेना शोधला, तेव्हापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तीनशे-पाचशे मीटर सरळ तार, जमिनीपासून दोन-तीन मीटर उंच, स्टेशनाच्या दिशेने ताणलेली. लांबच्या टोकाला ४७० ओहमचा रेझिस्टर लावून जमिनीत अर्थिंग करायचं. अशी तार रेझिस्टरच्या टोकाकडून येणारंच ऐकते, पाठीमागचं सोडून देते. रॉडला जे पुढे-मागे कळत नाही ते हिला कळतं. आणि हिचं टोक खरंच स्टेशनाकडे असतं, टीव्हीच्या अँटेनासारखं. जवळच्या टोकाला, रेडिओपाशी, नवास-एक गुणोत्तराचा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला सेटही. बिनसोयीच्या ट्रान्झिस्टरला जोडून रॉडशी भांडण लावू नका.

यात एक गंमत आहे, आणि ती मराठवाड्यातच कळते. काळ्या जमिनीत अर्थिंग चांगलं मिळतं, जमिनीवरच्या लहरीही काळ्या ओलसर मातीवरून लांब जातात. पण बेव्हरेज तारेला चांगली जमीन मानवत नाही. ती चालते कोरड्या, खडकाळ, वीज न वाहणाऱ्या जमिनीवर. गोदाकाठच्या काळ्या रानात मी चारशे मीटर तार बांधली आणि निराश झालो. तीच तार एका नातेवाइकाच्या मुरमाड माळावर नेली, जिथे कुसळी गवताशिवाय काही येत नाही, आणि तिथे ती बोलायला लागली. ज्या जमिनीला कुणी किंमत देत नाही ती या कामाला सोन्याची. तुमच्या जिंतूरच्या डोंगराळ भागात असे माळ हवे तेवढे आहेत. टोकाचं अर्थिंग मात्र तिथे अवघड जातं. मीठ-कोळसा भरून खड्डा करा आणि ऐकण्याच्या दिवशी घागरभर पाणी ओता. तार विजेच्या लाइनखालून किंवा वरून कधीही नेऊ नका, लाइनच्या आसपासही नको. ढग दिसले तर तार रेडिओपासून सोडवून घराबाहेर ठेवा. मृगाच्या आधीच्या विजा चेष्टा करत नाहीत.

एवढं करूनही खरखर आली तर ती बहुतेक आकाशातून येत नसते. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, सोलर पंपाचा कंट्रोलर यांची घरघर सलग असते. सेकंदाला एक अशी टक्-टक् येत असेल तर ते रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. त्याचं तारकुंपणच त्याचा अँटेना होतं, म्हणून ते अर्ध्या कोसावरूनही ऐकू येतं. त्यालाही टोक दाखवून मुकं करता येतं, एकच असेल तर. चार शेतांत चार असतील तर शेजाऱ्यांशी गोड बोला, पण पीक उभं असताना बोलू नका. आणि भारनियमनाला शिव्या देणं सोडा. गावाची वीज गेली की सेलवरचा रेडिओ घेऊन मी अंगणात धावायचो. घरच्यांना वाटायचं मी उकाड्याने बाहेर आलो.

आता तुमचं १५२१. अरबी आवाज बहुधा सौदी अरेबियातल्या दुबा इथल्या ट्रान्समीटरचा. माझ्या वहीत त्याची नोंद २००० किलोवॅटची आहे, आणि आपल्या केंद्राची १ किलोवॅटची. गेल्या काही वर्षांत मिडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर बंद झाले किंवा वेळा बदलल्या, म्हणून माझी वही हाताशी धरा पण त्या-त्या रात्री कानाने खात्री करा. दुबा आपल्याहून सव्वाचार हजार किलोमीटरच्या आत-बाहेर. दिशा पश्चिमेपासून वीस अंश उत्तरेकडे. आता जिंतूरहून संभाजीनगरची दिशा काढा. तीही पश्चिमेपासून बारा-तेरा अंश उत्तरेकडे. परभणीहून तर फरक पाचेक अंशांचाच. दोघं एकाच रेषेत, एकाच बाजूला, एकामागे एक. तुमच्या गावात बसून रॉड, लूप, बेव्हरेज काहीही आणा, ही जोडी तुटणार नाही. तार चुकीच्या दिशेला होती असं नाही. तुमचं गाव चुकीच्या जागी आहे. तुम्हाला वेळेचाच आधार. सौदीत दिवस मावळतो तेव्हा आपल्याकडे थंडीत आठ वाजून गेलेले असतात, तोवर अरबीला पुरता जोर येत नाही. दिवे लागल्यापासून साडेसातपर्यंत लूप लावून बघा.

बीडचं मात्र तुमच्या कानांनी बरोबर टिपलं. तिथून दुबाची दिशा जवळपास तीच राहते, पण संभाजीनगर पार उत्तरेकडे सरकतं; दोघांत पंचेचाळीसेक अंशांचं अंतर पडतं. आणि केंद्रही तुमच्या गावापेक्षा जवळ, शंभर-एकशे दहा किलोमीटरवर. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा लूप जीपच्या टपावर बांधून न्या. सासुरवाडीच्या घरापासून दूर, मोकळ्या रानात, रात्री नऊनंतर बसा. लूपचं भोक आणि रेडिओचं टोक पश्चिमेपासून वीस अंश उत्तरेकडे करा, मग एकेक अंश सरकवत अरबी खाली बसवा. केंद्र त्या रात्री चालू असेल तर त्याचं पाऊणएक बळ तुमच्याकडे शिल्लक राहतं. ऐकू आलं तर वेळ, तारीख आणि लूपची दिशा लिहून मला कळवा, आणि तिथे झटका मशीन किती होती तेही.